बोर्ड लहान, मग एसएमपीएस केवढा घ्यायचा?

कोल्हापुरात गंगावेशीजवळ फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या एका दोस्ताचा संध्याकाळी फोन आला. नवा पीसी जोडत होता. (बोर्ड म्हणजे पीसीचा मदरबोर्ड, आणि एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज पीसीला पुरवणारा डबा.) "दादा, घोळ झालाय बघा. बोर्ड घेतला मायक्रो एटीएक्स, कॅबिनेट घेतलं बारीक, आणि आता एसएमपीएस आत जाईना. एक जण म्हणतोय, बोर्ड लहान आहे तर एसएमपीएस पण लहानच लागणार. खरं काय ते सांगा."

टेप घेऊन गेलो. कॅबिनेट दिसायला झकास, पण मागच्या बाजूला एसएमपीएससाठी ठेवलेली खिडकी जेमतेम साडेआठ सेंटिमीटर रुंद. त्याच्या हातातला साध्या मापाचा, म्हणजे १५ सेंटिमीटर रुंद. तो आत जाणार कसा? पण यात बोर्डाचा काही दोष नव्हता. तोच बोर्ड, तोच एसएमपीएस, फक्त कॅबिनेट मोठं असतं तर अर्ध्या तासात जोडणी उरकली असती.

हा गोंधळ मी इतक्यांदा पाहिलाय की एकदा सगळं लिहूनच काढावं म्हटलं. मुद्दा एकच आहे. एसएमपीएसचा आकार कॅबिनेट ठरवतं. त्याच्या वायरी कुठल्या हव्यात ते बोर्ड ठरवतो. आणि किती वॅटचा घ्यायचा ते प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड ठरवतात. हे तीन प्रश्न एकात एक कालवले की पैसे वाया जातात.

बोर्डाचं माप काय सांगतं

एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा. मायक्रो एटीएक्स चौकोनी, २४४ बाय २४४. मिनी आयटीएक्स तळहाताएवढा, १७० बाय १७०. ई-एटीएक्स नावाने विकले जाणारे मोठे बोर्ड ३०५ बाय ३३० पर्यंत जातात. एटीएक्स हे मानक इंटेलने १९९५ साली आणलं, बाकीची मापं त्याच घराण्यातली. म्हणून स्क्रूच्या भोकांच्या जागा जुळतात आणि मुख्य २४ पिनचं सॉकेट सगळ्यांना सारखंच. १७० मिलिमीटरच्या बोर्डाला ८५० वॅटचा एसएमपीएस जोडला तर बोर्ड जळत नाही. बोर्ड आपल्याला लागेल तेवढंच ओढून घेतो. नळाला इंचाचा पाइप आला म्हणून तांब्या फुटत नाही, तसंच.

मोठा बोर्ड म्हणजे जास्त वीज, हेही खरं नाही. दुकानात मात्र ते बिनधास्त सांगितलं जातं.

पहिलं काम: कॅबिनेटमधली जागा मोजा

एसएमपीएसची चार-पाच मापं लक्षात ठेवली तरी पुरे.

साधा एटीएक्स १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच आणि किमान १४० लांब. रुंदी-उंची ठरलेली, लांबी मात्र वॅटप्रमाणे वाढते, १६० किंवा १८० सुद्धा होते. एसएफएक्स १२५ रुंद, ६३.५ उंच, १०० लांब. एसएफएक्स-एल म्हणजे तोच, फक्त लांबी १३०. टीएफएक्स लांबुळका, साधारण ८५ बाय ६५ आणि लांबी १७५. दोस्ताच्या त्या बारीक कॅबिनेटला हाच लागत होता. फ्लेक्स एटीएक्स त्याहून चपटा, उंची ४० च्या आसपास.

खिडकी मोजून झाली की आतली लांबी मोजा. इथे लोक हमखास फसतात. एसएमपीएस १६० मिलिमीटरचा आणि जागा १७० ची, म्हणजे बसला, असं वाटतं. पण मॉड्युलर, म्हणजे सुट्या वायरींचा असेल तर त्याच्या पाठीत प्लग खोचायचे असतात आणि तिथून वायरी वळवायच्या असतात. त्यासाठी आणखी दीड-दोन इंच मोकळे धरा. खालच्या डब्यात हार्ड डिस्कचा पिंजरा असेल तर तो काढता येतो का, ते आधी बघा.

एसएफएक्स मोठ्या कॅबिनेटमध्ये बसवता येतो, त्यासाठी पत्र्याची पट्टी मिळते. उलटं होत नाही. आणि पट्टी मिळाली म्हणून सगळं जमलं असंही नाही, कारण लहान एसएमपीएसच्या वायरी लहान कॅबिनेट डोळ्यासमोर ठेवून कापलेल्या असतात. प्रोसेसरचा प्लग बोर्डाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात असतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाला. वायर कोपऱ्यापर्यंत चार बोटं कमी पडली की सगळं मुसळ केरात.

यावर माझा उपाय म्हणजे सुतळी. किराणा पुड्याला बांधून येते ती. एसएमपीएसच्या जागेवर एक टोक धरायचं, बोर्डाच्या मागून, जिथून वायर खरंच जाणार तिथून फिरवत वरच्या कोपऱ्यातून बाहेर काढायची आणि गाठ मारायची. मग ती सरळ करून फूटपट्टीवर धरायची. हवेतून तिरकं मोजलेलं अंतर आणि सुतळीचं अंतर यात सहज वीत-दीड वीत फरक निघतो. कंपनीच्या माहितीपत्रकात प्रत्येक वायरीची लांबी दिलेली असते, त्याच्याशी ताडून बघा. दोस्ताने शेवटी कॅबिनेट बदलून आणलं तेव्हा सुतळी ६२ सेंटिमीटर भरली आणि प्रोसेसरची वायर ६५ ची होती. बसलं, पण मागे वायर तारेसारखी ताणून.

दुसरं काम: बोर्डावरची सॉकेटं मोजा

मुख्य सॉकेट २४ पिनचं. २००३ च्या आधीच्या बोर्डांवर २० पिन असायच्या, म्हणूनच आजही बऱ्याच एसएमपीएसचा प्लग २० अधिक ४ असा तुटक येतो. लावताना दोन्ही तुकडे एकत्र धरून दाबा, नाहीतर चार पिनचा तुकडा अर्धवट बसतो आणि पीसी कधी चालू होतो, कधी नाही.

प्रोसेसरच्या शेजारी ४ किंवा ८ पिनचं दुसरं सॉकेट. ४ पिनचं पेंटियम फोर प्रोसेसरच्या काळात आलं. आजच्या बहुतेक बोर्डांवर ८ पिन असतात. मोठ्या एटीएक्स बोर्डांवर ८ अधिक ४ किंवा ८ अधिक ८ दिसतात आणि गिऱ्हाईक घाबरतं. ते दुसरं सॉकेट बहुतेक वेळा ओव्हरक्लॉकिंगवाल्यांसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणाऱ्यांसाठी असतं, साध्या वापरात मोकळं राहिलं तरी बोर्ड चालतो. मात्र दोन प्रोसेसरचा वर्कस्टेशन बोर्ड असेल तर दोन्ही प्लग लागणारच. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ वाचा.

आता इथे जरा थांबून डोळे उघडे ठेवा. प्रोसेसरचा ८ पिनचा प्लग आणि ग्राफिक कार्डाचा ८ पिनचा प्लग दिसायला भाऊ-भाऊ, पण वायरिंग उलटं. प्रोसेसरचा प्लग ४ अधिक ४ असा फुटतो, ग्राफिकचा ६ अधिक २ असा. हातात घेऊन फोडून बघितलं की लगेच कळतं. पिनांचे आकारही वेगळे ठेवलेत, म्हणजे चुकीचा प्लग सहज जाणार नाही. पण जोर लावणारे असतातच. अंगठ्याच्या दाबाने जात नसेल तर तो तिथला प्लग नाही, असंच समजा.

ग्राफिक कार्डासाठी आकडे असे: स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या प्लगमधून ७५, ८ पिनच्या प्लगमधून १५०. नव्या महागड्या कार्डांना १६ पिनचा बारीक प्लग येतो, तो ६०० वॅटपर्यंतचा. तो शेवटपर्यंत बसला पाहिजे आणि प्लगच्या तोंडाशीच वायर वाकवायची नाही, कारण अर्धवट बसलेले असे प्लग वितळल्याची उदाहरणं जगभर झाली आहेत.

तिसरं काम: वॅटचा हिशोब

स्टुडिओवाल्याचं उदाहरण घेऊ. प्रोसेसर आय-फाइव्ह १२४००. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं, पण जोर लागल्यावर तो ११७ वॅटपर्यंत जातो, हा आकडा इंटेल स्वतः देते. ग्राफिक कार्ड आरटीएक्स ३०६०, म्हणजे १७० वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरू. झाले ३३७. त्याच्याकडे लग्नांचं शूटिंग साठवायला फिरत्या चकतीच्या चार हार्ड डिस्क. चालताना त्या फार खात नाहीत, पण सुरू होताना चकती फिरवायला प्रत्येकी वीस-पंचवीस वॅट ओढतात. चारही एकदम उठल्या की शंभर. नशीब, त्या क्षणी ग्राफिक कार्ड आरामात असतं.

म्हणजे खरी गरज साडेतीनशेच्या आसपास. ग्राफिक कार्ड क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या वर उड्या मारतं, आणि एसएमपीएस शंभर टक्के ताणून चालवला तर तापतो, आवाज करतो. म्हणून साडेतीनशेच्या गरजेला ५५० घ्यायचा. एनव्हिडियाही या कार्डासाठी ५५० च सांगते. साडेसातशे घेतला तरी बिघडत नाही, पण त्या पैशात रॅम वाढवावी हे माझं मत.

त्याच प्रोसेसरचा मिनी आयटीएक्स पीसी, ग्राफिक कार्डाशिवाय, दुकानातल्या बिलिंगला ठेवायचा असेल तर हिशोब दीडशेच्या आसपास संपतो. चांगला ३०० चा एसएमपीएसही तिथे निवांत चालतो. उलट १४९००के सारखा प्रोसेसर एकटाच २५३ वॅटपर्यंत जातो. बोर्ड मायक्रो असो की ई-एटीएक्स, त्याच्यापुढे बोर्डाच्या मापाला विचारतो कोण.

लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका

कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात "४५०" असतं. खाली बारीक तक्ता असतो, तो वाचा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ ने गुणा. माझ्या टेबलावर पडलेल्या एकावर १६ अँपिअर आहेत. सोळा बारे एकशे ब्याण्णव. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यात लपवून ठेवलेले, त्यांचा या दोघांना फारसा उपयोग नाही. धड ५५० च्या एसएमपीएसवर तिथे ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे ५४० वॅट.

हातात घेऊन वजनही बघा. हे काही शास्त्र नाही, पण पावकिलोचा फुलका एसएमपीएस बघितला की मी परत ठेवतो.

८० प्लस (एटी प्लस) ब्रॉन्झ, गोल्ड हे बिल्ले कार्यक्षमतेचे. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्रॉन्झ किमान ८५ टक्के, गोल्ड ९०. आपल्या २३० व्होल्टवर थोडं जास्तच मिळतं. हा बिल्ला वॅट वाढवत नाही, वाया जाणारी उष्णता कमी करतो. स्टुडिओसारख्या दिवसभर चालणाऱ्या पीसीला ब्रॉन्झ घ्या आणि मोकळे व्हा. गोल्डचा फरक वीजबिलातून वसूल व्हायला बराच काळ जातो.

कंपनीचा तयार पीसी असेल तर आधी झाकण उघडा

शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात कंपनीचा छोटा पीसी होता. एसएमपीएस गेला. मालकांनी राजारामपुरीतून नवीन चोवीस पिनचा आणला आणि मला बोलावलं. उघडलं तर बोर्डावर चोवीस पिनचं सॉकेटच नाही. डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या बऱ्याच ऑफिस पीसींमध्ये ६, ८, १० किंवा १४ पिनची स्वतःची सॉकेटं असतात. इंटेलनेही २०२० च्या सुमाराला फक्त १२ व्होल्ट देणारं १० पिनचं मानक आणलंय. अशा पीसीला त्याच मॉडेलचा एसएमपीएस शोधणं सगळ्यात सुरक्षित. मधली जोडवायर मिळते, पण ती त्या बोर्डाच्या मॉडेल नंबरवर तपासूनच घ्यायची. पिनांची संख्या जुळली म्हणजे व्होल्टेज जुळलं असं नाही.

उद्यमनगराचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. तिथे काही जुन्या मशिनांना अजून जुनेच पीसी जोडलेले आहेत, आयएसए नावाच्या जुन्या स्लॉटात बसणाऱ्या कार्डांचे. त्यातल्या काही कार्डांना उणे ५ व्होल्ट लागतात, पांढऱ्या वायरीतून येणारे. नव्या एसएमपीएसमध्ये ती वायर नसते, मानकातूनच ती काढून टाकली. पीसी चालू होईल, विंडोज येईल, पण मशीन हलणार नाही, आणि माणूस दोन दिवस सॉफ्टवेअरला शिव्या देत बसेल. त्याहून जुना, एटीएक्सच्या आधीच्या एटी पद्धतीचा बोर्ड असेल तर त्याला सहा-सहा पिनचे दोन प्लग शेजारी-शेजारी लागतात. ते लावताना दोन्हींच्या काळ्या वायरी मध्ये एकमेकींना चिकटून आल्या पाहिजेत. काळीला काळी. उलटं लावलं तर बोर्डाला अखेरचा नमस्कार.

वायरी अदलाबदल करू नका

हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. जुना मॉड्युलर एसएमपीएस काढून नवा बसवला. कंपनी तीच. आतल्या साटा वायरी, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, मी महिन्यापूर्वीच झिप टायने सुबक बांधलेल्या, त्या पुन्हा कोण सोडणार? प्लग नव्यात खोचला, अगदी लोण्यासारखा गेला. बटण दाबलं. टिक् असा बारीक आवाज आणि मग तो वास. ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. दोन हार्ड डिस्क गेल्या, घरचे सात-आठ वर्षांचे फोटो त्यातच.

कारण असं की बोर्डाकडचं आणि डिस्ककडचं टोक मानकाने ठरलेलं आहे, पण एसएमपीएसकडचं टोक कुणी ठरवलेलं नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही पिना वेगळ्या असू शकतात. माझ्या बाबतीत पाच व्होल्टच्या जागी बारा गेले. एसएमपीएस बदलला की वायरी झाडून सगळ्या बदलायच्या, आणि जुन्या वायरी जुन्याच्याच पिशवीत, वर चिठ्ठी चिकटवून.

बसवण्याआधी मल्टीमीटर

वापरलेला एसएमपीएस घेत असाल तर बोर्डाला लावण्याआधी तपासा. पीसीतल्या कशालाही न जोडता तो टेबलावर ठेवा. मागे ११५/२३० ची लाल सरकपट्टी असेल तर ती २३० वर आहे ना, हे बघा. बटण बंद ठेवून २४ पिनच्या प्लगमधली हिरवी वायर शेजारच्या काळीशी यू पिनेच्या तुकड्याने जोडा, मग भिंतीत पिन लावून बटण चालू करा. पंखा फिरला तर जीव आहे. काही नव्या मॉडेलांचा पंखा भार नसताना फिरतच नाही, त्यामुळे मीटर लावल्याशिवाय निकाल देऊ नका.

मीटरची काळी पिन काळ्या वायरीत. पिवळीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७. जांभळीवर पाच व्होल्ट हिरवी न जोडताही मिळाले पाहिजेत. वायरी सगळ्या काळ्या असतील तर रंगांचा उपयोग नाही, तेव्हा पिनांचा नकाशा समोर ठेवा. हे सगळं बिनभाराचं मोजमाप आहे, हे विसरू नका. इथे नापास झाला तर नक्की खराब. पास झाला म्हणजे भार पेलेलच असं नाही.

एसएमपीएसचं स्वतःचं झाकण मात्र उघडायचं नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही काही काळ टिकतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पाण्यातून काढलेले पीसी लोकांनी उन्हात वाळवून चालू करून बघितले. डिस्कमधला डेटा वाचवायचा प्रयत्न जरूर करा, पण पंचगंगेचा गाळ बसलेला एसएमपीएस भंगारातच घाला.

आपली लाइट, आपला यूपीएस

घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. स्टुडिओचा पीसी भरात असताना ३४० वॅट वापरतो, ब्रॉन्झच्या हिशोबाने भिंतीतून चारशेच्या जवळ ओढतो, वर मॉनिटर वेगळा. म्हणजे नेमकं रेंडर (व्हिडिओ तयार होण्याचं काम) चालू असताना लाइट गेली की यूपीएस कोकलून बंद. तिथे एक केव्हीएचा हवा. काही चांगले एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वीजलहरीवर बंद पडतात, म्हणून विकत घेण्याआधी दुकानातच मेन स्विच बंद करून दाखवायला सांगा. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर मागचा खटका यूपीएस मोडवर ठेवा. नाहीतर लाइट जाता-येताना मधला खंड एसएमपीएसला झेपत नाही आणि पीसी रीस्टार्ट होतो.

पेठांमधल्या जुन्या घरांत अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. लोक म्हणतात एसएमपीएस करंट मारतोय. बहुतेक वेळा तो ठीक असतो, भिंतीतलं अर्थिंग मेलेलं असतं. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे पत्र्यावर थोडी वीज येते आणि ती अर्थिंगमधून निघून जायला हवी असते. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटला लावायला मिळणारा तो गोळा आजच काढून टाका आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

जोडणी झाल्यावर आठवडाभराने एकदा कॅबिनेट उघडा. तासभर जोराचं काम करून पीसी बंद करा, भिंतीतली पिन काढा आणि लगेच प्रोसेसरचा, ग्राफिक कार्डाचा आणि २४ पिनचा प्लग बोटाने चाचपा. कोमट चालेल. एखादा चटका देत असेल तर तो सैल आहे. काढून पिना बघा. एखादी तपकिरी पडली असेल तर ती वायर बदलल्याशिवाय पीसी पुन्हा लावू नका.